सलईचा पुरावा आणि मेळ्यातली बरणी

*ताई, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. सासूबाई 71 वर्षांच्या. दोन्ही गुडघे झिजलेत. एक्स-रे बघून डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, पण त्या तयार नाहीत. बीपीची गोळी रोज चालू, आणि दुखणं वाढलं की डायक्लोफिनॅक. जानेवारीत व्यापार मेळ्यात एका वैद्यांकडून ‘शुद्ध सलई’चं चूर्ण आणलं. सकाळ-संध्याकाळ चमचाभर, गरम पाण्याबरोबर. तिसऱ्या दिवशी आई कठडा न धरता जिना चढल्या! आता दोन महिने होत आले. भूक सुधारली, चेहरा भरलाय, येणारे-जाणारे म्हणतात तब्येत झाली. झोप मात्र उडाली आहे आणि हातावर निळसर डाग उठतात, ते वयानं असतील. मध्ये चूर्ण संपलं तेव्हा चार दिवस मळमळ आणि अंगात त्राण नाही, अंथरुणातून उठवेना. परत सुरू केलं तशा ठीक झाल्या. पुण्याचा नातू म्हणतो, सलईला काही शास्त्रीय आधार नाही, सगळे मनाचे खेळ. भिशीतल्या बायका म्हणतात, झाडपाल्याचं आहे, अपाय होत नाही. त्यातल्या एकीनं चांगल्या कंपनीच्या सलईच्या कॅप्सूल दिल्यात. त्या सुरू करू का? माझी टाच दुखते, मीही घेऊ का?*

*– एक सून, लष्कर, ग्वाल्हेर*

तुम्ही विचारलंय सलईबद्दल, पण मी आधी त्या चूर्णाबद्दल लिहिते, कारण त्यात उशीर चालणार नाही.

तिसऱ्या दिवशी जिना. वाढलेली भूक, भरलेला चेहरा, उडालेली झोप, हातावरचे निळे डाग. आणि चूर्ण संपल्यावर मळमळ नि अंगातलं त्राण जाणं. तुम्ही हे पत्रभर विखरून लिहिलंत, त्यातलं अर्धं तर कौतुकानं. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हेच सलग लिहून दिलं तर तो पेन उचलून एकच शब्द लिहील: स्टेरॉइड.

पत्रावरून निदान होत नाही, पण शंका घ्यायला एवढं पुष्कळ झालं. सांधेदुखीच्या चूर्णात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालायची युक्ती जुनी आहे. गोळ्या स्वस्त, रंगाला-वासाला झाकून जातात, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन परत येतं. हे फक्त मेळ्यातच चालतं असंही नाही. 2022 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सांध्यांसाठी ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल इशारे दिले होते. तपासणीत त्यांत डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक दोन्ही सापडले. लेबलवर दोन्हींचा पत्ता नव्हता.

आता काय करायचं ते नीट वाचा. चूर्ण स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. आठवड्यानुआठवडे स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं काम आवरतं घेतात. मग पुरवठा अचानक तुटला तर शरीराजवळ स्वतःचं काही शिल्लक नसतं. रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, माणूस कोसळू शकतो. मधल्या चार दिवसांत आईंचं जे झालं ते याचंच लहान रूप असावं असं मला वाटतं. म्हणून मात्रा न वाढवता, न तोडता, उद्याच बरणी घेऊन फिजिशियनकडे जा. ‘यात स्टेरॉइड असेल अशी शंका आहे’ हे वाक्य तोंडानं बोला, लाजू नका. ते बीपी आणि साखर बघतील, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी सांगतील, बहुधा सकाळच्या वेळचं कॉर्टिसॉलही, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी स्वतः बनवतात ते स्टेरॉइड. ते कमी आलं तर हळूहळू उतरवत कसं थांबवायचं ते तेच ठरवतील. त्याआधी उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली किंवा आई गुंगीत वाटल्या तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा. आणि डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आजपासून बंद. स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक एकत्र पोटात गेले की अल्सर आणि रक्तस्रावाची भीती फार वाढते, शिवाय दोन्ही बीपी चढवतात.

एवढं झालं की सलईकडे वळू. तिच्यावर या बरणीमुळे विनाकारण बालंट येऊ नये.

सलई आपल्या भागाला परकी नाही. शिवपुरी-श्योपूरकडे, कुनोच्या जंगलात, करधई आणि खैराच्या जोडीनं हे झाड उभं असतं. सहरिया लोक खोडाला चिरा देऊन त्याचा डिंक काढतात आणि तोच धूप म्हणून आपल्या देवघरात येतो. शास्त्रीय नाव बोसवेलिया सेराटा, आयुर्वेदात शल्लकी. बाजारात ‘सलई गुग्गुळ’ म्हणतात तेव्हा घोटाळा होतो, कारण नुसता गुग्गुळ हा चंबळच्या बीहडातल्या वेगळ्याच काटेरी झुडपाचा डिंक आहे. त्यातली द्रव्यं वेगळी, त्याचे अभ्यास वेगळे. कॅप्सूलच्या डबीवर बोसवेलिया लिहिलंय की नाही, एवढं बघून घ्या.

‘चरकात आहे’ हे वाक्य तुमच्या भिशीत कुणीतरी म्हटलं असेलच. आहे खरं, पण चरकाच्या पन्नास महाकषायांत, म्हणजे औषधांच्या गणांत, शल्लकीची साल येते ती पुरीषविरजनीय गणात, म्हणजे मळाचा रंग सुधारणाऱ्या द्रव्यांत. आज कॅप्सूलमध्ये असतो तो डिंकाचा शुद्ध केलेला अर्क, आणि तो घेतात गुडघ्यासाठी. ग्रंथाचा मान ठेवावा, पण या कॅप्सूलची साक्ष त्याच्याकडे मागू नये. ती दुसरीकडे मिळते.

तिची सुरुवात जम्मूच्या प्रयोगशाळेत झाली. 1986 मध्ये सिंग आणि अटल या संशोधकांनी सलईच्या अर्काचे प्राण्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. यातली मुख्य पद्धत मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून करून घेतली आहे. उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीननचं बारीकसं इंजेक्शन देतात. कॅराजीनन हा समुद्री शेवाळातून काढलेला, आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात तो पदार्थ. पंजा फुगायला लागतो. घोट्यावर शाईनं रेघ मारलेली असते. त्या रेघेपर्यंत पंजा नळीतल्या द्रवात बुडवायचा आणि द्रव किती वर चढला ते वाचायचं. इंजेक्शनआधी एकदा, तीन तासांनी पुन्हा. औषध दिलेल्या उंदरांचा पंजा कमी फुगला तर औषध दाह रोखतं म्हणायचं. सलईनं तो रोखला. आता यात किती सिद्ध झालं? निरोगी, तरुण उंदराची तीन तासांची सूज उतरली. 71 वर्षांच्या बाईंचा तीस वर्षं झिजत आलेला गुडघा यात कुठेच नाही. ‘दाहशामक गुण प्रयोगशाळेत सिद्ध’ असं जाहिरातीत छापतात तेव्हा पुष्कळदा मागे असा एखादा पंजाच असतो.

पुढे जर्मनीत ट्युबिंगेनला सफायही, अमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवलं की डिंकातली बोसवेलिक आम्लं 5-लायपॉक्सिजिनेज नावाचं, दाह वाढवणारी द्रव्यं बनवणारं एन्झाइम अडवतात. डायक्लोफिनॅक ज्या वाटेवर काम करतं त्याहून ही वाट वेगळी, म्हणून साऱ्या जगाचं लक्ष गेलं. त्यातलं सर्वांत जोरकस आम्ल ‘एकेबीए’ या आद्याक्षरांनी ओळखतात. डबीवर तेच शोधायचं असतं. पण परीक्षानळीत एन्झाइम अडवायला जेवढं एकेबीए लागतं, तेवढं साधा अर्क गिळून रक्तात पोचतच नाही असं नंतरच्या मोजमापांत दिसलं. जे पोचतं त्यातलंही बरंचसं रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं. 2004 मध्ये 12 निरोगी पुरुषांना हाच अर्क एकदा उपाशीपोटी आणि एकदा चरबीयुक्त जेवणाबरोबर दिला, तर जेवणाबरोबर रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. 2020 मध्ये एन्झाइमला चिकटलेल्या एकेबीएची स्फटिकरचनाही प्रसिद्ध झाली. ते अपेक्षित जागी बसतच नाही. बाजूच्या खाचेत बसून एन्झाइमचं वागणंच बदलतं. शिवाय शरीरात खरं काम दुसऱ्याच एखाद्या एन्झाइमवर होत असावं असं म्हणणारे संशोधकही आहेत. म्हणजे सलई कशी काम करते याचा वाद अजून मिटलेला नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. ॲस्पिरिन कसं चालतं हे कळायच्या आधी लोकांनी ते सत्तर वर्षं घेतलंय. करते का, हा प्रश्न महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर उंदराकडे नसतं.

ते उत्तर, आईंच्या नातवाला सांगा, नागपूरनं दिलंय. 2003 मध्ये तिथल्या किंमतकर, थावानी आणि इतरांनी गुडघेदुखीच्या 30 रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांना 333 मिलिग्रॅम अर्काची कॅप्सूल दिवसातून तीनदा, अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. आठ आठवड्यांनी मध्ये काही दिवस सगळं थांबवलं आणि मग गट उलटे केले. सलई घेताना सगळ्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालायचं अंतर वाढलं. एक्स-रेत मात्र काहीच बदल नाही. झिजलेली गादी भरून आली नाही. ही शेवटची ओळ जाहिरातवाले कधी छापत नाहीत. तीस माणसं म्हणजे फार नव्हेत, हेही खरं.

मला त्याहून बोलका वाटतो तो 2007 चा नागपूरचाच दुसरा अभ्यास, सोनटक्के आणि सहकाऱ्यांचा. 66 रुग्ण, सहा महिने. एका गटाला सलई, दुसऱ्याला व्हॅल्डिकॉक्सिब ही तेव्हाची नवी वेदनाशामक गोळी. (हृदयविकाराच्या आणि त्वचेवरच्या गंभीर प्रतिक्रियांच्या काळजीनं ती 2005 मध्ये बाजारातून काढून घेतली गेली. ‘इंग्रजी औषध म्हणजे तपासून आलेलं’ असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) गोळीवाल्यांना महिन्याभरात आराम पडला, पण गोळी चालू होती तोवरच टिकला. सलईवाल्यांना खरा फरक जाणवायला दोन महिने लागले, आणि औषध थांबवल्यावरही महिनाभर तो राहिला. कोण काय घेतंय हे या अभ्यासात झाकलेलं नव्हतं, तेवढी त्याची किंमत कमी धरायला हवी. तरी ‘दोन महिने’ हा आकडा धरून ठेवा आणि तुमच्या पत्रातला ‘तिसरा दिवस’ त्याच्या शेजारी ठेवून बघा.

कुणी म्हणेल, 2008 च्या एका चाचणीत सातव्या दिवशीच फरक दिसला होता. दिसला होता. 75 रुग्ण, 90 दिवस, एकेबीएचं प्रमाण मुद्दाम वाढवलेला अर्क, आणि त्यातल्या जास्त मात्रेच्या गटात. पण तो अर्क बनवणाऱ्या कंपनीचा त्या अभ्यासात हात होता, आणि तिथेही आठवडा लागलाच.

सगळ्या चाचण्या एकत्र तोलून बघणाऱ्या कॉक्रेन या संशोधक-संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात असं दिसतं: शून्य ते शंभरच्या मापावर, 90 दिवसांनी, औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांचं दुखणं 40 वर होतं. एकेबीए वाढवलेला अर्क 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं त्याहून 17 गुणांनी कमी. हा आकडा दोन छोट्या अभ्यासांतल्या 85 माणसांवर उभा आहे. 2020 मध्ये दुसऱ्या एका गटानं सात चाचण्या, 545 रुग्ण एकत्र केले. निष्कर्ष त्याच दिशेचा: दुखणं आणि आखडलेपण कमी होतं, निदान चार आठवडे घ्यावं. चाचण्या लहान, बऱ्याचशा उत्पादकांच्या पैशांवर झालेल्या, आणि प्रत्येकीचा अर्क निराळा. माझं मत विचाराल तर सलईला पुरावा आहे, मध्यम वजनाचा आहे, आणि तो गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यापुरता आहे.

नातू अर्धा बरोबर आहे तो वेगळ्या कारणानं. आपल्याकडची जानेवारीची थंडी काय असते हे पुण्यात बसून त्याला आठवत नसेल. गुडघे सर्वांत जास्त बोलतात तेव्हाच मेळा भरतो, तेव्हाच माणूस औषध घेतो, आणि होळीपर्यंत दुखणं आपोआप उतरलेलं असतं. श्रेय शेवटी घेतलेल्या पुडीला जातं. औषध नसलेली कॅप्सूल घेणारा गट ठेवायचा तो याचसाठी. त्यांचंही दुखणं कमी होतं. औषधाला त्यांच्याहून जास्त करून दाखवावं लागतं, आणि सलईनं ते थोडंफार करून दाखवलंय, हे त्यालाही मान्य करावं लागेल.

तर कॅप्सूल सुरू करायच्या का? आत्ता नको. स्टेरॉइड उतरवताना सांधे काही दिवस चांगलेच दुखतील. त्यात सलई सुरू केलीत तर कशानं काय झालं ते कुणालाच कळणार नाही, आणि आई म्हणतील, ‘कॅप्सूल कुचकामी, मेळ्यातलंच बरं होतं.’ डॉक्टरांनी ते प्रकरण संपलं म्हणून सांगितलं की मग करा. डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि बोसवेलिक आम्लांचं किंवा एकेबीएचं प्रमाण छापलेलं हवं. नुसतं ‘सलई चूर्ण’ नको, चाचण्या अर्काच्या झाल्यात. जेवणाबरोबर घ्यायची, आणि त्या जेवणात थोडं तूप-तेल असू दे. कुणाला मळमळ होते, कुणाला जुलाब, आम्लपित्त. बहुतेकांना काहीच नाही. पण आई रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉरफरिन, घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही म्हणून सांगते.

एका वहीत आठवड्यातून एकदा लिहा: जमिनीवरून उठताना हात टेकावा लागला का, जिना कठडा धरून की न धरता, रात्री दुखण्यानं किती वेळा जाग आली. तीन महिने होऊ देत. वहीत फरक दिसला नाही तर बंद करा, डबी भिशीवाल्या बाईंना साभार परत. आणि त्यांच्या ‘झाडपाल्यानं अपाय होत नाही’ला काय उत्तर द्यायचं? ज्या औषधानं काही होतं, त्यानं नको ते होण्याचीही शक्यता असते. सलईचं नशीब बरं, तिचे उपद्रव सौम्य आहेत. सगळ्या झाडपाल्याचे तसे नसतात.

कॅप्सूल चालो न चालो, गुडघ्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा आहे, आणि त्याची कुणी जाहिरात करत नाही. आईंना खुर्चीत बसवून एक पाय सरळ करायला सांगा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा. पुढचं फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. गोळीऐवजी डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर लावता येतं. रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे पोटाला नि मूत्रपिंडाला त्रास कमी. ऑपरेशनला नाही म्हणणं हा त्यांचा हक्क आहे, फक्त ते भीतीपोटी आहे की खरंच गरज नाही म्हणून, हे एकदा शांतपणे बोलून घ्या.

तुमच्या टाचेचं: सलईच्या या चाचण्या गुडघ्याच्या आहेत. सकाळी पहिलं पाऊल टाकतानाच कळ येत असेल तर तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं असू शकतं. त्याला पोटऱ्या ताणायचा व्यायाम आणि घरातल्या फरशीवर मऊ चप्पल हे आधी करून बघा. कॅप्सूलवर पैसे घालू नका.

राहिली ती बरणी. डॉक्टरांना दाखवून झाली की रागारागानं नाल्यात ओतू नका. झाकण घट्ट लावा, कधी आणली, कुठून आणली, रोज किती घेतली ते कागदावर लिहून बाहेर चिकटवा आणि जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे लेखी अर्जासोबत द्या. अर्जाची पोच घ्या.